भरपाईची रक्कम सांभाळायची कोणी?



गळीत हंगाम सुरू झाला की गंगाखेडहून परभणीकडे आणि परळीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रीघ लागते, अन् अपघातही होतात. दावा लढवायला पुष्कळ मंडळी पुढे येतात. दावा जिंकल्यावर ती रक्कम पुरवायची कशी, हे सांगायला मात्र कोणी फिरकत नाही.

कंबर मोडलेल्या माणसाला न्यायाधिकरण जी भरपाई देते तिच्यात पुढच्या औषधपाण्याचाही वाटा धरलेला असतो. तो जन्मभर पुरायचा असतो. पण एकरकमी पैसा दिसला की लेकीचे लग्न, सावकाराचे देणे, नवी बोअर, सगळे एकदम आठवते. दोन वर्षांत पासबुक कोरे अन् माणूस अजून खाटेवरच! घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, नड कोणाला नसते?

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सुसम्मा थॉमस खटल्यात हाच धोका ओळखला. अज्ञान मुलांचा व निरक्षर दावेदारांचा पैसा बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, पुढील उपचार लागले तर न्यायाधिकरणाने खात्री करून तेवढीच रक्कम काढू द्यावी आणि परवानगीवाचून त्या पावतीवर कर्ज देऊ नये, असे सांगितले. नियम चांगलाच आहे. पण अर्ज कोणी लिहायचा, औषधांची बिले कोणी जपायची?

अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आहे. तिकडे तडजोडीतला उपचाराचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवतात, दरवर्षी हिशेब देतात आणि तो संपल्यावरच सरकार त्या दुखण्याचा खर्च उचलते. हे खाते चालवायला फी घेणारे जाणकार लोक असतात. आपल्याला एवढी यंत्रणा नको, पण हिशेबाची शिस्त घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे कवच दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. भरती व्हायची वेळ आली तर आधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठावे. योजनेत बसते ते योजनेतून करावे. ठेवीचे व्याज महिन्याच्या गोळ्या, एसटीचे भाडे, सांभाळणाऱ्या माणसाची मजुरी यांसाठी राहू द्यावे.

आमची मागणी एवढीच, की शेतकी गट ऑफिसात हिशेब जाणणारा एक माणूस या कामाला नेमावा. त्याने अर्ज लिहावेत, बिले लावावीत, दर वर्षी घरच्यांना जमाखर्च वाचून दाखवावा. त्याचा पगार कारखान्याने द्यावा. ठेव मात्र जखमीच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत राहावी. कारखान्याच्या खात्यात हा पैसा एक दिवससुद्धा येता कामा नये, मग संचालक मंडळ कोणाचेही असो. उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवी परत मागताना काय होते, हे सभासदांना आम्ही नव्याने सांगायला नको.

हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा.