विन रेट नको, हिशोब दाखवा

‘कन्सिस्टन्सी’ हा शब्द सध्या आपल्या तरुणांना जोरात विकला जातोय. टेलिग्रामचे चॅनेल असो की हजारो रुपये फीचा ‘मास्टरक्लास’, रोज हिरव्या आकड्यांचा एक स्क्रीनशॉट आणि खाली उपदेश: रोज थोडे कमवा, पण सातत्याने कमवा. सातत्याला माझा विरोध नाही. ते न मोजता विकण्याला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रोग्राम दहा वेळा नीट चालला, एवढ्यावर आम्ही तो ग्राहकाच्या हाती देत नाही. मग दहा दिवसांच्या नफ्यावर कुणी नोकरी का सोडावी? अम्मीचे दागिने गहाण का ठेवावेत?

सगळ्यात फसवा आकडा ‘विन रेट’चा. १० सौद्यांपैकी ७ जिंकले, प्रत्येकी ५०० मिळाले: ३,५०० रुपये. ३ हरले, प्रत्येकी १,५०० गेले: ४,५०० रुपये. यश ७० टक्के आणि तोटा हजाराचा! ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी वेगळेच. आणि नशिबाचे काय? १० लाख लोकांनी प्रत्येकी १० वेळा नाणे उडवले, तर जवळपास हजार जणांना दहाही वेळा छापा येईल. बाजारात असेच काही नशीबवान गुरू होतात. बाकीचे स्क्रीनशॉट टाकत नाहीत, एवढेच.

सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेवरचा अभ्यास जाहीर केला. २०२२-२३ मध्ये शेअर्सच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होते, तर वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. ‘करत राहा, आपोआप जमेल’ म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

काही जण म्हणतात, आम्ही फक्त हलाल यादीतले शेअर घेतो. यादी कंपनीचा धंदा सांगते. तुमचा नफा-तोटा ती सांगत नाही.

तरीही करायचेच असेल, तर निदान नीट मोजा. प्रत्येक सौद्याआधी कारण आणि सोसायचा जास्तीत जास्त तोटा लिहा. नंतर काँट्रॅक्ट नोट पाहून सगळे खर्च वजा जाता हाती आलेली रक्कम लिहा. किमान २०० सौदे कमीत कमी शेअर्सवर करा, तेही कर्ज न काढता. मग स्वतःला चार प्रश्न विचारा. एका सौद्यामागे सरासरी किती उरले? सर्वांत चांगले ५ सौदे वगळले तर नफा टिकतो का? खाते उच्चांकावरून जास्तीत जास्त किती घसरले? स्वतःचाच नियम किती वेळा मोडला? सुधारणा करताना एका वेळी एकच नियम बदला आणि मोजणी नव्याने सुरू करा. तोटा भरून काढायला दुप्पट शेअर घेणे ही सुधारणा नव्हे. शेवटी उरलेल्या रकमेला स्क्रीनसमोर घालवलेल्या तासांनी भागा आणि तुमच्या पगाराशी ताडून पाहा.

सरासरी उणे आली, तर थांबा. तो निर्णय तुमच्याच आकड्यांनी दिलेला असेल.

आणि क्लासवाल्याकडे स्क्रीनशॉट मागू नका, तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र मागा. इंट्राडेचा नफा-तोटा तिथे वेगळा दाखवावा लागतो. कायद्याने त्याला नावही सरळच दिले आहे: सट्टा व्यवसाय.