कुणाकडून ऐकलंत?

रमजान म्हटलं की आपल्या गावातल्या इतर समाजबांधवांना आधी रोजा आठवतो आणि मग शिरखुर्मा. दोन्ही खरंच. पण रोजेदारासाठी हा महिना ऐकण्याचाही असतो. रात्रीच्या इशाच्या नमाजीनंतर तरावीहची नमाज होते. हाफिज कुरआन तोंडपाठ म्हणत जातात, मागे उभे असलेले ऐकतात आणि महिन्याभरात सगळा कुरआन ऐकून होतो. म्हणणाऱ्याच्या हातात ग्रंथ नसतो. त्यांच्या मागे पहिल्या रांगेत दुसरे एक हाफिज उभे असतात, त्यांना ‘सामे’ म्हणजे ऐकणारा म्हणतात. एखादा शब्द चुकला तर ते तिथल्या तिथे सावरून घेतात.

आपल्याकडे जी तिलावत कानावर पडते तिला एक नाव आहे: ‘हफ्स यांनी आसिम यांच्याकडून घेतलेली’. आसिम हे इराकमधल्या कूफा शहराचे आठव्या शतकातले उस्ताद आणि हफ्स त्यांचे शागीर्द. बाराशे वर्षं झाली, पण कुणी कुणाकडून ऐकलं ते अजून सांगितलं जातं. हदीसचंही तसंच. इमाम बुखारी (८१० ते ८७०) यांच्या संग्रहात वचनाच्या आधी नावांची साखळी येते. अमुकने अमुककडून ऐकलं, त्याने तमुककडून. या साखळीला ‘सनद’ म्हणतात. मराठीत सनद म्हटलं की वकिलाचा परवाना किंवा जुनं इनामपत्र डोळ्यांसमोर येतं. अरबीत मूळ अर्थ आहे टेकू, आधार. साखळीतला एखादा दुवा गळाला, तर वचन कितीही सुंदर असो, अभ्यासक त्याला कच्चं ठरवतात.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नाचगाण्यांवर, सोंगांवर, ढोलावर आता बरंच लिहिलं जातं. प्रबंध होतात, चर्चासत्रं होतात, व्हिडिओ निघतात. त्या लिखाणात मला सगळ्यात जास्त खटकते ती सनद नसणं. गाणं असतं, गाणारं माणूस नसतं. नावाच्या जागी एकच शब्द असतो: ‘पारंपरिक’.

ही खोड एकट्या नंदुरबारची नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन यानं अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यावर पृथ्वीवरचं निवडक संगीत. भारताकडून त्यात केसरबाई केरकर यांचं ‘जात कहां हो’ आहे. तिथे त्यांचं नाव आहे, आणि नाव आहे म्हणून त्यांच्या मागची साखळीही हाताला लागते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, त्यांचे गुरू कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादिया खाँ आणि त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं. पण त्याच तबकडीवर पेरूमधलं एक लग्नाचं गाणं आहे, काँगोच्या जंगलातल्या मुलींच्या वयात येण्याच्या सोहळ्याचं गाणं आहे, अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचा रात्रीचा मंत्रघोष आहे. यादीत त्यांच्यापुढे नाव दिसतं ते ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्याचं. गळा कुणाचा होता हे त्या यादीत नाही. दरबारात आणि मैफलीत गायलेल्याला नाव मिळालं, रानात गायलेल्याला जमातीचं लेबल.

आपला भागही या मोजमापातून सुटला नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड १९०७ साली निघाला. बोलींचे नमुने म्हणून बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत सांगून घेतली होती. काम प्रचंड मोठं, आजही उपयोगी. पण ज्यांच्या तोंडची बोली त्यात उतरली ती माणसं शोधू गेलं तर हाती लागतं ते बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचं नाव.

याच्या उलट उदाहरण आपल्या खानदेशानेच घालून दिलं आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या ओव्या रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. क्षणभर कल्पना करा, की कुणा परक्या अभ्यासकाने त्याच ओव्या नाव न विचारता टिपल्या असत्या. ‘खानदेशातील पारंपरिक स्त्रीगीते’ अशा एखाद्या प्रकरणात त्या राहिल्या असत्या. शब्द तेच, कवयित्री मात्र नाहीशी. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. घरच्या दोन माणसांनी वहीत उतरवलं, म्हणून वाचलेलं ते नाव आज आपल्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर छापलं जातं. त्या पदवीसाठी केलेल्या प्रकल्पात गाणाऱ्या बाईचं नाव नसावं, याला काय म्हणायचं?

आता प्रकल्पांचंच सांगते. अक्राणी तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने लग्नगीतांवर चांगलं काम करून आणलं. पावरी बोलीतली गाणी, शेजारी मराठी अर्थ, अक्षर सुबक. स्रोत म्हणून लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. मी विचारलं, “कुणाकडून ऐकलीस?” तो म्हणाला, “आजीकडून, मॅडम. पण घरच्या माणसाचं नाव लिहायचं असतं का?” प्रश्न त्याने अगदी सरळ मनाने विचारला होता. दहा पुस्तकांचे लेखक, प्रकाशक, आवृत्ती त्याने नीट नोंदवली होती, कारण ते आम्ही शिकवतो. आजी हाही स्रोत आहे, हे शिकवायचं आम्हा शिक्षकांकडूनच राहून जातं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ही गाणी एका माणसाची नसतात, ती गावाची असतात, मग एकट्याचं नाव लावणं म्हणजे मालकी लादणं नाही का? मला वाटतं, सनदेची रीत इथे वाट दाखवते. हफ्स किंवा आसिम हे कुरआनचे कर्ते आहेत असं कुणीही म्हणत नाही. ते पोचवणारे आहेत. त्यांचं नाव मालकीसाठी घेतलं जात नाही, साक्षीसाठी घेतलं जातं. तसंच ‘हे गाणं अमुक बाईंचं’ असं न लिहिता ‘हे गाणं अमुक बाईंकडून, अमुक गावी, अमुक साली ऐकलं’ असं लिहिता येतं. गावाचं गावाकडे राहतं आणि सांगणाऱ्याचा मानही राहतो. नाव द्यायचं की नाही हेही त्यांनाच विचारावं. नको म्हटलं तर तेवढं नोंदवून थांबावं.

हे मोठ्या प्रमाणावरही जमतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायका तीन हजारांहून अधिक, गावं हजाराच्या वर. आज त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव सापडतं. म्हणजे ‘एवढ्या नावांचा हिशेब कोण ठेवणार’ ही सबब चालत नाही.

नाव माणसाचं, तसंच नाव त्या कृतीचंही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आता सर्वदूर माहीत झाली आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून लोक येतात, उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. अंगावर नक्षी काढलेले, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा आणि बुध्या नाचतात. बातम्यांत त्याला ‘आदिवासी नृत्य’ म्हणतात. पण बावा-बुध्या झालेली माणसं त्या दिवसांत ‘पालनी’ पाळतात: खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर निजायचं, ब्रह्मचर्य ठेवायचं. पालनी हा शब्द गाळला की मागे नुसता रंगीत वेश उरतो. गेली काही वर्षं होळी आणि रमजान पाठोपाठ, कधी एकाच महिन्यात येताहेत. डोंगरावर कुणी व्रत पाळून नाचतं आहे आणि खाली शहरात कुणी रोजा धरून ऐकतं आहे. ज्याने एक महिना संयम पाळला आहे, त्याला पालनीचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये.

आमच्याकडेही शब्दांबाबत हा काटेकोरपणा आहे. कुरआनची तिलावत कितीही सुरेल असली तरी तिला कुणी गाणं म्हणत नाही, ती किरात. वाद्य वाजवावं की नाही, कव्वाली ऐकावी की नाही, यावर मुसलमानांत जुने मतभेद आहेत आणि ते असणार. क्रिस्टिना नेल्सन यांनी कैरोच्या कारींकडे राहून तिलावतीचा अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. रेगुला कुरेशी यांनी दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावरच्या कव्वालांचा अभ्यास केला, त्यांचं १९८६ साली. ऐकणारे ज्याला जे म्हणतात ते आधी समजून घेतल्याशिवाय असा अभ्यास पुढे जात नाही. आपल्या बाबतीत आपण हा मान अपेक्षितो, मग पालनीला ‘डान्स’ म्हणताना आपणही थांबायला हवं.

साखळी तुटली म्हणजे काय होतं ते शेजारीच पाहता येतं. अक्कलकुव्याहून गुजरातेत उतरून राजपीपळ्याच्या पुढे गेलं की भरूच जिल्ह्यात रतनपूर लागतं. तिथे बावा गोर यांचा दर्गा आहे आणि त्याची सेवा सिद्दी मुसलमान करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. कुणी गुलाम म्हणून, कुणी शिपाई, कुणी खलाशी. त्यांच्या ढोलावरच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाचही. समुद्र ओलांडताना बहुतेकांची घराण्याची नावं गेली, गावं गेली, भाषा गेली. हा एक शब्द ढोलाला चिकटून राहिला, आणि त्याच्या आधाराने अभ्यासकांना मागे जाता आलं. त्या माणसांची नावं हिरावली गेली होती. आपण तर समोर बसलेल्या माणसाचं नाव विचारत नाही.

आणि वेळ फार नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. गावं वसाहतींत विखुरली, तसे गाणारेही विखुरले. दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडं बाहेर पडतात. लग्नात आता डीजे येतो. सोंगाड्या पार्टीचे खेळ अजून होतात, पण त्यातल्या जुन्या माणसाची जागा घेणारा दरवेळी मिळतोच असं नाही. जे जाईल ते सगळं आपण थांबवू शकत नाही. गेलं ते कुणाबरोबर गेलं, एवढं तरी लिहून ठेवू शकतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाने पुढच्या वर्षीपासून एक नियम करावा: लोकगीत, लोकनाट्य, वाद्य यांवरचा प्रकल्प सनदेशिवाय स्वीकारायचा नाही. गाणाऱ्याचं नाव, गाव, बोली, त्यांनी कुणाकडून शिकलं, त्या प्रकाराला त्यांच्या बोलीत काय म्हणतात आणि त्यांची परवानगी, एवढं एका पानावर मावतं. ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या मोबाइलवर होतं. त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी गावच्या शाळेत किंवा ज्यांनी गायलं त्यांच्या घरी गेली पाहिजे. ही दुसरी प्रत मला जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यासक गावातून गाणं घेऊन जातो आणि परत येत नाही, ही तक्रार डोंगरात जुनी आहे.

शहरवासीयांनाही यात काम आहे. आपल्या घरीदारी अहिराणी, गुजरी, मावची, कोकणी, उर्दू अशा बोलींत काहीतरी म्हटलं जातंच: हळदीला, बारशाला, मोहरमला, सेहरीला उठवताना. या आठवड्यात इफ्तारला, फराळाला कुठे बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विचारा, “तुम्ही हे कुणाकडून ऐकलंत?” त्या जे नाव सांगतील ते लिहून घ्या. बहुतेकदा ते अशा माणसाचं असेल, ज्याचं नाव आजवर कोणत्याही कागदावर आलेलं नाही.