न्यायालयाचे डोळे

दोन शेतांमधील बांध नेमका कोठे आहे, याचे उत्तर कायद्याच्या ग्रंथात सापडत नाही; ते जमिनीवर जाऊन मोजावे लागते. न्यायाधीश प्रत्येक बांधावर जाऊ शकत नाहीत. म्हणूनच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने आदेश २६ अन्वये आयुक्त नेमण्याचा अधिकार न्यायालयास दिला. ‘कोर्ट कमिशनर’ या नावाने परिचित असलेली ही व्यक्ती स्थळपाहणी करते, हिशेब तपासते, वाटपाच्या दाव्यात हिस्से आखते. अमेरिकेतील न्यायालये अशाच गरजेपोटी ‘स्पेशल मास्टर’ नेमतात.

आयुक्ताच्या अधिकाराची मर्यादा स्पष्ट आहे. त्याचा अहवाल हा पुरावा असतो, निकाल नव्हे. त्यावर पक्षकार हरकत घेऊ शकतात. न्यायालयाच्या अनुमतीने आयुक्ताची तपासणीही करू शकतात. मालकी कोणाची, हा निवाडा न्यायाधीशांनीच करावयाचा असतो. आयुक्त हे न्यायालयाचे डोळे आहेत. विवेक मात्र न्यायासनाचाच.

दुर्दैवाने हे डोळे वेळेवर उघडले जात नाहीत. हरियाणातील एका सीमावादात स्थानिक आयुक्त नेमावयास हवा होता, हे २००८ साली थेट सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. एका मोजणीसाठी दिल्लीपर्यंतचा प्रवास! २००२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने साक्षीदारांचा उलटतपास आयुक्तामार्फत नोंदविण्याची सोय केली, अहवालासाठी साठ दिवसांची मुदत घातली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. परंतु कारणे नोंदवून मुदतवाढ देण्याची मुभाही त्याच तरतुदीत आहे. अपवाद हाच नियम झाला, तर सुधारणा कागदावरच राहते.

विलंबाची किंमत कुटुंबे मोजतात. आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या हाती येतो, तोवर बांधावरच्या खुणा पुसलेल्या असतात आणि त्या ठाऊक असणारी वडीलधारी माणसे निघून गेलेली असतात. म्हणून सीमेच्या व वाटपाच्या वादांत आयुक्ताची नेमणूक आरंभीच व्हावी, त्यासाठी अनुभवी व निःपक्षपाती व्यक्ती निवडली जावी आणि मुदत कसोशीने पाळली जावी. पक्षकारांनीही प्रतिकूल अहवालावर केवळ वेळ काढण्यासाठी हरकती घेऊ नयेत. मोजणी प्रामाणिक असेल, तर ती मान्य करण्यात पराभव नाही. भावाभावांतील बांध सरळ झाला, तर मनातील तेढ सुटण्यासही वाट मिळते.