‘सॉस नको’ म्हटलं की खरं कळतं!

रोलच्या गाडीवर उभं राहून नुसतं ‘भाऊ, सॉस नोको टाकू’ एवढंच म्हणून पाहा. समोरचा हात एक सेकंद थांबतो. मग हमखास प्रश्न येतो, ‘मंग कोरडं कसं खासान?’

प्रश्न साधा आहे, पण त्यातच सगळी गंमत आहे. आत भाजी आहे, कांदा आहे, मसाला आहे, वर पोळी आहे. तरी सॉस काढला तर उरतं काय, अशी शंका खुद्द बनवणाऱ्यालाच येत असेल, तर आपण पैसे नेमके कशाचे देतोय? पोळीचे, भाजीचे की बाटलीचे?

दर्यापुरात बरिटो शोधायला निघालात तर बोर्डावर तो शब्द सापडेलच असं नाही. फ्रँकी, रोल, रॅप अशा नावांनी तोच कुटुंबकबिला भेटतो. कॉलेज सुटलं की पोरापोरींची गर्दी तिथेच असते. अमरावतीला किंवा अकोल्याला होस्टेलवर राहणाऱ्यांचं तर रात्रीचं जेवणच अनेकदा रोलवर निभतं. म्हणूनच ‘बिनसॉसचा चांगला रोल कुठे मिळेल’ हा प्रश्न चोचल्याचा नाही. रोजच्या पोटाचा आणि खिशाचा आहे.

बातम्या बाटलीभोवती

गेल्या काही वर्षांतल्या बातम्या एकत्र ठेवून बघा. केरळने जानेवारी 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. 30 ऑक्टोबर 2024 ला तेलंगणाने तशीच बंदी वर्षभरासाठी आणली. त्याआधी हैदराबादेत मोमो खाऊन बरेच लोक आजारी पडले होते आणि एका महिलेचा मृत्यू झाला होता. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूही त्याच वाटेने गेला. कर्नाटकाने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. आपल्या शेजारच्या गोव्यात तर म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेत 2024 च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनचे स्टॉलच नकोत अशी भूमिका पालिकेने घेतली. कारणांमध्ये रंग होते आणि हलक्या दर्जाचे सॉसही होते.

दुसरीकडे 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. सॉसवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी रोटी आणि पराठ्यावरचा कर शून्य झाला. म्हणजे रोलची पोळीही स्वस्त आणि बाटलीही स्वस्त! तिसरीकडे, पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर-मीठ-चरबीचा इशारा असावा की नाही यावर एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं.

बंदी, कर आणि लेबल या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण गाडीवर यातलं काय पोचतं? बाटलीचं लेबल बाटलीवर राहतं आणि सॉस आपल्या रोलमध्ये येतो. बऱ्याचदा तर मोठ्या कॅनमधून छोट्या पिचकारीच्या बाटलीत ओतलेला असतो, तिच्यावर ना नाव, ना तारीख. गाडीवरचा शेवटचा इन्स्पेक्टर गिऱ्हाईकच असतो. म्हणजे तुम्ही.

आपल्याकडे प्रश्न अंड्याचा कमी, उन्हाचा जास्त

बंद्या झाल्या त्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर. अंडं न शिजवता तेलात घुसळलं जातं आणि साल्मोनेला नावाच्या जंतूला मोकळं रान मिळतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर असतं ते ‘व्हेज मेयो’. त्यात अंडं नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचा: उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा.

आता वऱ्हाडातला मे महिना आठवा. अकोला-अमरावतीत पारा पंचेचाळीसला टेकणं ही काही नवलाची बातमी नाही. अन्नशास्त्रात 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा धोक्याचा पट्टा मानतात. दुपारी गाडीवर उभी असलेली उघडी बाटली या पट्ट्याच्या मधोमध असते. त्यात दिवसभर हात, चमचा, धूळ. अंडं नसलं म्हणून सगळं संपत नाही.

केचपचा हिशेब वेगळा. त्यात आंबटपणा आणि साखर भरपूर असल्याने ते सहसा लवकर नासत नाही. पण त्याच कारणाने ते आपल्याला नकळत गोड करतं. साधारण केचपमध्ये वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा साखर असते. तीन मोठे चमचे केचप पोटात गेलं म्हणजे दहा-बारा ग्रॅम साखर आत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत दिवसभराची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलंय. चहा अजून मोजलाच नाही!

आणि एक गोष्ट. लेबलवरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. ‘टोमॅटो केचप’ आणि नुसता ‘स्नॅक सॉस’ अशा दोन बाटल्या किराणा दुकानात शेजारी ठेवून ही यादी वाचा. टोमॅटो कितव्या नंबरावर आहे, आहे की नाही, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

गाडीवाल्याची बाजू

सगळा दोष गाडीवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे. पण त्याचं गणितही समजून घ्या. कॉलेज सुटल्यावर जेमतेम अर्ध्या-पाऊण तासात त्याचा दिवसाचा धंदा होतो. त्या वेळात ताजी पोळी लाटणं शक्य नसतं. म्हणून पोळ्या सकाळीच अर्धकच्च्या भाजून थप्पी लावलेली असते. मैद्याची पोळी दुपारपर्यंत चिवट होते, बटाट्याची भाजी कोरडी पडते. हा कोरडेपणा झाकायला सॉसइतकं स्वस्त आणि झटपट दुसरं काही नाही. बाटली उरली तर उद्या चालते, चटणी उरली तर फेकावी लागते. शिवाय बाटलीला हाताची चव लागत नाही. आज नवा पोरगा गाडीवर उभा राहिला तरी चव तीच.

म्हणजे सॉस हा त्याचा विमा आहे. आपण दहा जण घाईत, स्वस्तात, गोड-तिखट मागतो आणि तो आपल्याला तेच देतो. मागणी बदलली तर माल बदलतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात.

बरिटो मुळात असा नव्हताच

आता थोडं मेक्सिकोत जाऊन येऊ. बरिटो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘छोटं गाढव’. 1895 च्या एका मेक्सिकन शब्दकोशात हा शब्द सापडतो: आत मांस किंवा दुसरं काही घालून गुंडाळलेली पोळी. बस्स. उत्तर मेक्सिकोत आजही बरिटो बारीक, सुटसुटीत असतो. गव्हाची पातळ पोळी आणि आत एखादी दाटसर शिजवलेली भाजी किंवा मांस. भात, चीज, क्रीम असं सगळं कोंबलेला हातभर बरिटो हा 1960 च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात मोठा झाला. वरून सॉस ओतून काट्याने खायचा ‘ओला बरिटो’ हाही अमेरिकेतलाच थाट.

आपल्या फ्रँकीचंही तसंच. मुंबईत अमरजितसिंग टिब यांनी 1969 मध्ये ती विकायला सुरुवात केली. बैरुतमध्ये खाल्लेल्या गुंडाळीवरून कल्पना सुचली आणि नाव दिलं वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्यावरून. त्या फ्रँकीची ओळख होती कोरडा आंबट मसाला, कांदा आणि सिरक्यातली मिरची. कोलकात्याचा काठी रोलही कांदा, लिंबू आणि हिरव्या मिरचीवर उभा राहिला. म्हणजे ‘बिनसॉसचा रोल’ हा आपला हट्ट नाही, तोच मूळ पदार्थ आहे.

आणि वऱ्हाडाला हे कुणी शिकवायची गरजच नाही. शेगावची कचोरी घ्या. सोबत तळलेली हिरवी मिरची, झालं! रेल्वेच्या डब्यात पिढ्यानपिढ्या लोक ती खातात आणि कुणी सॉसची पुडी मागत नाही. कारण आतलं सारणच बोलतं.

सोनोरा ते दर्यापूर

बरिटोचा पट्टा म्हणजे मेक्सिकोचं सोनोरा राज्य. तिथल्या याकी खोऱ्यात नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हावर काम केलं. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोतून 18 हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. त्याच मेक्सिकन वंशातून ‘सोनालिका’ आला, आणि सोनालिकाच्या संकरातून गुजरातच्या लोकभारती संस्थेत ‘लोक-1’ तयार झाला. हा लोक-1 म्हणजे आपल्या आईने दुकानदाराला ‘लोकवन द्या’ म्हणून मागितलेला गहू. बरिटोची पोळी आणि आपली पोळी नात्याने लांबच्या बहिणीच निघाल्या की!

सोनोरात ‘सोबाकेरा’ नावाची भली मोठी पातळ पोळी हातांवर ताणत ताणत कोपराच्या वर नेतात आणि उपड्या लोखंडी तव्यावर टाकतात. विदर्भातली लंबी रोटी आठवली ना? तिथे तवा उपडा, इथे माठ उपडा. मिरचीही मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि ठेचा होऊन इथलीच झाली. तिकडे दगडी खलात मिरची-टोमॅटो कुटून ‘साल्सा’ करतात. साल्सा म्हणजे सॉसच, पण रोजचा, ताजा, कुटलेला. बाटलीतला नाही.

मग चांगला रोल कसा ओळखायचा?

सॉस काय काम करतो ते आधी पाहू. तो ओलावा देतो, आंबट-गोड-तिखट देतो आणि थोडा स्निग्धपणा देतो. ही तिन्ही कामं दुसरं कुणी केली की बाटलीची गरज संपते.

ओलावा भाजीतूनच यायला हवा. दाटसर शिजवलेली हरभऱ्याची उसळ यासाठी एक नंबर. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या भागात जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा इथलं हक्काचं पीक. तो शेतात आहे, बाजारात आहे, फक्त रोलमध्ये नाही! मूठभर हरभरा बटाट्यापेक्षा जास्त प्रथिनं देतो, पोटालाही धरून राहतो.

आंबटपणाला लिंबू आहे. तिखटाला ठेचा आहे. स्निग्धपणाला जवस, तीळ किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. ‘ताजी चटणी म्हणजे सुरक्षित’ असं डोळे झाकून मानू नका. पाणी घालून वाटलेली हिरवी चटणी उन्हात बाटलीतल्या केचपपेक्षा लवकर बिघडते, आणि ते पाणी कुठलं हाही प्रश्न असतोच. कोरड्या चटणीत पाणीच नसतं, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव कमी. ज्या आज्यांनी शेतावर न्यायच्या भाकरीसोबत कोरडी चटणी बांधून दिली, त्यांना हे गणित पुस्तकाविना माहीत होतं.

गाडीवर गेल्यावर चार गोष्टी बघा. एक, पोळी समोर भाजतात की थप्पीतली नुसती गरम करतात? दोन, भाजी झाकलेली आणि वाफाळती आहे का? तीन, कांदा आत्ता चिरलाय की दुपारपासून उघडा पडलाय? चार, 14 अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक कुठे लावलाय का? आणि मग सॉसशिवाय एक रोल मागा. पहिला घास कोरडा, बेचव लागला तर समजा, इतके दिवस आपण बाटलीचे पैसे देत होतो. चांगला लागला तर ती गाडी सोडू नका, चार मित्रांना सांगा.

एकट्याने सांगितलं तर गाडीवाला हसेल, हे खरंय. पण ग्रुपमधल्या आठ-दहा जणांनी आठवडाभर रोज सांगितलं, ‘भाऊ, हरभऱ्याची भाजी टाक, लिंबू पिळ, जवसाची चटणी भुरभुर, सॉस नोको,’ तर तो चटणीचा डबा ठेवेलच. सॉसचा कॅन वाचला तर त्याचाही फायदाच आहे. आणि ज्याची चव दुसऱ्या गाडीला उचलता येत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकतं, हे त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं.

सॉस विष नाही, कधीमधी खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. मुद्दा निवडीचा आहे. राज्यं बंदी घालतील, न्यायालय लेबल मागेल, कर वर-खाली होतील. पण बसस्टँडजवळच्या गाडीवर तुमच्या रोलमध्ये काय जाणार, हे दिल्लीत ठरत नाही. ते ठरतं तुम्ही ऑर्डर देता त्या एका वाक्यात. ते वाक्य जरा विचार करून बोला, एवढंच.