शाळेचा आठवडा चार दिवसांचा करावा काय?
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी याविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय शाळेचा आहे व तो मी आपण होऊन काढलेला नाही. मागे आपल्या एका गटात ऊस परिसंवाद झाला. खोडव्यावर बोलून झाले, प्रश्नोत्तरे चालू होती. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले व म्हणाले, "साहेब, माझा पुतण्या अमेरिकेत आहे. तिकडं खेड्यातल्या शाळा आठवड्याला चारच दिवस भरतात म्हणे. मग आपल्याकडं का नको? पोरांचा एक दिवस घराला मिळंल. सरकारी हापिसं पाच दिवसांची झालीच की!" सभेत हशा झाला. परंतु मागच्या रांगेतून चार-सहा जणांनी "बरोबर आहे" म्हणून होकारही भरला. सर्वांनी मजकडे पाहिले. मी म्हटलं, हा काही माझ्या खात्याचा विषय नाही, आणि वेळ मारून नेली.

घरी जाताना मात्र मनाला पटेना. शाळेला सुट्टी असलेला पोरगा कुठे जातो हे गुरुजींपेक्षा मला जास्त दिसते, कारण तो बांधावर असतो आणि माझा दिवसही बांधावरच जातो. म्हणून ते उत्तर आज देत आहे.

पुतण्याने सांगितले ते खरे आहे. अमेरिकेत हा प्रकार नवा नाही. १९७३ साली तेलाची टंचाई झाली तेव्हा न्यू मेक्सिको राज्यातील सिमारॉन येथील शाळांनी इंधन वाचवण्यासाठी आठवडा चार दिवसांचा केला. पुढे अनेक राज्यांत, विशेषतः पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या भागात, ही पद्धत पसरली. कोलोरॅडो राज्यात तर शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळांपैकी निम्म्याहून अधिक मंडळांनी ती घेतली आहे. तेथे मुलांना आणणारी बस लांबलांबच्या वस्त्यांवरून फिरते, पगार कमी म्हणून शिक्षक टिकत नाहीत, व एक दिवस शाळा बंद ठेवली तर डिझेल, वीज वाचते. उरलेल्या चार दिवसांत रोजची शाळा तासभर किंवा अधिक लांबवतात. गणित वरवर सुटते.

पण हिशेब तपासणारे तिकडेही आहेत. २०११ साली एका शैक्षणिक संस्थेने बचतीचा हिशेब मांडला. जास्तीत जास्त ५.४३ टक्के बचत होऊ शकते, प्रत्यक्षात मात्र ती ०.४ ते २.५ टक्केच होते, असे त्यात निघाले. कारण उघड आहे. शाळेचा मोठा खर्च पगाराचा, व तो दिवस कमी केले म्हणून कमी होत नाही. २०२१ मध्ये रँड या संस्थेची पाहणी आली. तीत पालक खूश, मुले खूश, परंतु परीक्षेतील प्रगती पाच दिवसांच्या शाळांच्या मानाने काही वर्षांत मागे पडत जाते असे आढळले. पहिल्या वर्षी फरक कळत नाही. आपल्यापैकी ज्यांनी खोडव्याचे खत एक-दोन हंगाम कमी केले आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पहिला खोडवा दगा देत नाही, म्हणून माणूस समजतो की जमले.

आता आपल्याकडे या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीची २२० दिवस व १,००० तास भरली पाहिजे. वर्षाचे आठवडे ५२. उन्हाळी व दिवाळीची सुट्टी धरून त्यातले आठ-नऊ आठवडे वजा करा. राहिले ४३. त्याला चाराने गुणले तर १७२ दिवस होतात. सणवाराचे दहा दिवस काढले तर १६२. तास ओढूनताणून बसवता येतील, रोज सव्वासहा तास वरच्या वर्गांना शिकवले की झाले. दिवस मात्र बसत नाहीत. म्हणजे कायदा बदलल्याशिवाय ही गोष्ट होणार नाही. हे कोणी म्हणेल तांत्रिक कारण झाले, कायदे बदलतात. कबूल. म्हणून कायदा बाजूला ठेवून बोलू.

रोजची शाळा लांबवून एक दिवस वाचवणे म्हणजे पाण्याची एक पाळी चुकवून पुढच्या पाळीला दुप्पट पाणी सोडण्यासारखे आहे. भारी काळ्या जमिनीत ते एखादे वेळी खपते. हलक्या जमिनीला पाणी थोडे पण वरचेवर लागते, जादा सोडले तर ते खाली निघून जाते आणि चार दिवसांनी ऊस पुन्हा सुकतो. पहिली-दुसरीची मुले ही हलकी जमीन आहे. त्यांच्यापुढे सहा तास बसून सातवा तास शिकवला तरी तो मुरत नाही, आणि पुढे सलग तीन दिवस खंड पडला की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. दहावीच्या पोराचे वेगळे, त्याला झेपेल. आमच्या मंडळींचा मूळ प्रश्न मात्र घराला हात मिळावा हा होता, व तो हात लहान पोरांचाही धरलेला असतो.

तर तो मोकळा दिवस. शहरात तो दिवस क्लासला, पोहायला, आजोळी जाईल. आपल्या कार्यक्षेत्रात कुठे जाईल ते मी सांगतो. मुलगा दारे धरायला जाईल, वीज रात्रपाळीची असेल तर आदल्या रात्रीही जागेल. लागणीच्या दिवसांत कांड्या टाकेल, तोडणी चालू असेल तर वाढे गोळा करेल. मुलगी तेवढीही बाहेर जाणार नाही. ती घरात धाकट्याला सांभाळेल, धुणेभांडी करील, गवताचा भारा आणेल. आणि एकदा आठवड्यातला एक दिवस तिचा घराकडे लागला की दुसरा दिवस मागायला घर फार वेळ लावत नाही. आपल्याच गावातल्या दहावीपूर्वी सुटलेल्या पाच मुली आठवा. एकदम कोणाची शाळा सुटत नाही, आधी बाजाराच्या दिवशी राहते, मग पाहुणे आले म्हणून राहते. शाळेत दुपारचे जेवण असते हेही विसरू नये. खालच्या वर्गांना रोजी १०० ग्रॅम व वरच्या वर्गांना १५० ग्रॅम धान्याचे ते जेवण आहे. दिवस गेला की ते गेले. काही घरांत त्या दिवशीच्या जेवणाचा फरक पडत नाही, काही घरांत पडतो, आणि कोणत्या घरांत पडतो हे गावाला ठाऊक असते.

चार दिवसांच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मी म्हणत नाही. गुरुजी तालुक्याच्या गावाहून रोज मोटारसायकलवर येतात, दोन शिक्षकी शाळेत एकाला निवडणुकीचे, गणनेचे, प्रशिक्षणाचे बोलावणे आले की दुसरा चार वर्ग सांभाळतो. सोमवार ते शुक्रवार पूर्ण व शनिवारी सकाळची असा साडेपाच दिवसांचा आठवडा कागदावर असतो. प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस कितीतरी शाळांत आताच चार आहेत. माझे म्हणणे इतकेच की जे तुटक आहे ते आधी जोडावे. मुलांच्या सोयीसाठी वेळ बदलायला हरकत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत असे २०२४ मध्ये शासनाने ठरवले, ते मला पटले. शेतीचे काम मुलांना कळलेच पाहिजे, हेही खरे. त्यासाठी २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना बाहेर काम शिकू द्यावे असे सांगितले आहे. त्या दिवसांत शाळेने मुले माती परीक्षण प्रयोगशाळेत, बेणे मळ्यात आणावीत, मी स्वतः दाखवीन.

आता जरा कडू बोलतो. आपण चार दिवस की पाच दिवस हा वाद घालत असताना आपल्याच शिवारात शून्य दिवसांची शाळा चालू असते. गेल्या जानेवारीत एका प्लॉटवर ब्रिक्स पाहायला गेलो होतो. टोळी बीड जिल्ह्यातली. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईच्या मागे मोळ्यांना बंध लावीत होता. माझ्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरकडे टक लावून पाहू लागला, म्हणून मी रसाचा थेंब टाकून तो त्याच्या डोळ्याला लावला.

"काय दिसतंय?"

"रेष दिसती."

"कितीवर आहे?"

"एकवीस आन् बावीसच्या बरोबर मधी."

"मग त्याला काय म्हणायचं?"

पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "ते दशांशाचं गुरुजी दिवाळीनंतर शिकवणार व्हते."

"मग?"

"मग आम्ही इकडं आलो."

रेष त्याने माझ्यापेक्षा लवकर ओळखली होती. मी वहीत २१.५ लिहिले व त्याला दाखवले. तोवर मुकादमाने हाक मारली.

तोडणीचा प्रोग्राम आमचे खाते लावते. कोणता प्लॉट कोणत्या दिवशी तुटणार, कोणती टोळी कुठे उतरणार, किती कोयते, किती गाड्या, हे आमच्याजवळ तारखेसह असते. उतारा दशांशाने घसरला तर त्याच दिवशी बैठक लागते. टोळीबरोबर किती मुले आली, कितवीतली, याची मात्र एकही नोंद आमच्याकडे नाही. ही चूक माझ्या खात्याची आहे. १९९० नंतरच्या काळात काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावाकडेच संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. मुले गावी राहून शिकली तर उत्तमच. परंतु जी कोपीवर येतात ती येतातच, कारण गावी मागे त्यांना सांभाळणारे कोणी नसते. कायद्याने जवळच्या शाळेला असे मूल वर्षात केव्हाही घ्यावे लागते, दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. गावाकडच्या शाळेचे शिक्षण हमी पत्रक बरोबर असेल तर काम आणखी सोपे होते. अडचण एवढीच की कोपीवर मूल आहे हे गुरुजींना कळेपर्यंत टोळी पुढच्या गावी गेलेली असते.

येत्या हंगामापासून मी आमच्या खात्यापुरती एक वही सुरू करीत आहे. टोळी तळावर उतरली की चिटबॉयने कोयत्यांबरोबर मुलांचीही नोंद घ्यायची, म्हणजे नाव, इयत्ता, गावची शाळा व हमी पत्रक आहे की नाही. दुसऱ्या दिवशी ती यादी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवायची. करार करतानाच मुकादमाकडून हमी पत्रके आणण्याची अट घालावी, असा विषय संचालक मंडळापुढे ठेवण्याची विनंती मी केली आहे. सभासदांकडून एकच अपेक्षा आहे. आपल्या प्लॉटवर तोड चालू असताना शाळेच्या वेळेत मूल मोळ्या बांधताना दिसले तर गट ऑफिसला कळवावे. आणि आपला स्वतःचा मुलगा त्याच वेळी तिथे वाढे गोळा करीत असेल, तर त्याचेही नाव सांगावे, वहीत जागा ठेवली आहे.