आधी लगीन अबकचं

मराठी माणूस तालमीशिवाय काही करत नाही. नाटक असलं तर महिनाभर तालमी, आणि शेवटी एक रंगीत तालीम. तीत दाढीमिशा, तलवारी, पडणारे पडदे आणि न पडणारे पडदे, सगळं आधी बघून घेतात. लग्नातला आचारीसुद्धा पाचशे माणसांचा मसालेभात चढवण्याआधी चिमूटभर मसाला हातावर घेऊन चाटून बघतो. आमच्या घरी पाहुण्यांसाठी उपमा करायचा झाला, तर त्याचा पहिला प्रयोग माझ्यावर होतो. मी तासाभराने ठीक दिसलो, की मग पाहुण्यांना ताटली जाते.

पण तेच काम एखाद्या कार्यालयात यंत्राकडे सोपवायचं म्हटलं, की आमची ही सगळी संस्कृती गळून पडते. अर्ज आपोआप पुढे सरकणार, मंजुरी आपोआप होणार, पैसे आपोआप जाणार किंवा आपोआप थांबणार, अशी योजना झाली, की साहेब पहिली गोष्ट करतात ती म्हणजे तारीख जाहीर. मग नारळ येतो, हार येतो, बटण दाबायला मोठा माणूस येतो. तालीम कधी? तालीम नाही. थेट तिसरी घंटा. प्रेक्षक म्हणून तुम्ही आणि मी, आणि रंगमंचाची फळी निखळली तर खाली पडणारेही तुम्ही आणि मीच.

आमचे मामा असेच पडले.

मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ८२. सकाळी फिरायला जातात, दुपारी शब्दकोडं सोडवतात, संध्याकाळी शब्दकोडं काढणाऱ्याला शिव्या देतात. असे हे मामा गेल्या वर्षी एका महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वारले. म्हणजे घरी कोणाला काही कळलं नाही. स्वतः मामांनाही नाही. त्यांना ते पत्राने कळलं. पेन्शन जमा झाली नाही म्हणून दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी त्यांच्याच नावाने पाकीट आलं. आत मजकूर असा, की आपले निधन झाल्याची नोंद घेऊन आपले निवृत्तिवेतन बंद करण्यात आले आहे; पुढील कार्यवाहीसाठी आपण समक्ष उपस्थित राहावे.

“समक्ष जातो,” मामा म्हणाले, “पण येताना स्मशानातून येऊ की घरून, ते लिहिलेलं नाही.”

हसू आलं खरं, पण ते फार टिकलं नाही. मामींची रक्तदाबाची गोळी, मामांचं इन्शुलिन, दूध, वाण्याचं बिल, सगळं त्या पेन्शनवर. तीन महिने पैसे आले नाहीत. वाण्याने उधारीची वही काढली नाही, हा त्याचा मोठेपणा. मामा मात्र त्याच्या दुकानावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने फिरायला जाऊ लागले. एकसष्ट वर्षं मान वर करून चालणारा माणूस यंत्राने खाली बघायला लावला, हे मला त्या यंत्राला माफ करता येत नाही.

झालं होतं ते असं. त्या कार्यालयात नवी स्वयंचलित व्यवस्था आली होती. कुठून मृत्यूची नोंद आली, की यंत्राने नाव आणि जन्मतारीख जुळवायची, जुळली की पेन्शन थांबवायची, पत्र पाठवायचं. मध्ये माणूस नाही. आता मामांच्याच गावचे, त्यांच्याच नावाआडनावाचे, शिक्षकच असलेले दुसरे एक गृहस्थ वारले. वडिलांचं नाव निराळं, पण यंत्रात मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर, आणि तेही सारखं. राहिली जन्मतारीख. तीही सारखी. १ जून!

आता ही १ जून काय चीज आहे, ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेच्या शिपायाला विचारा. पूर्वी खेड्यात मुलाचा जन्म “पुराच्या वर्षी” किंवा “काळी गाय व्याली तेव्हा” असा नोंदलेला असे. बाप पोराला शाळेत आणून सोडी. गुरुजी पोराकडे एकदा बघत, वर्ष अंदाजाने धरत आणि दाखलावहीत ठोकून देत १ जून. शाळा जूनमध्ये सुरू होणार, त्या दिवशी वय पुरं भरलं पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या १ जूनला जन्मल्या.

“अरे, आम्ही दोघं एका दिवशी जन्मलो नाही,” मामा मला समजावत होते, “एका दिवशी दाखल झालो. गुरुजींनी एका ओळीत बसवलं. त्यातला एक उठून गेला, तर यांनी शेजारच्याचीही गैरहजेरी मांडली.”

मी मामांना घेऊन त्या कार्यालयात गेलो. मामा जिवंत आहेत हे पटवणं सोपं गेलं, कारण मामा बोलत होते. यंत्राला पटवायला तीन महिने लागले. तिथल्या साहेबांना मी विचारलं, “सुरू करण्याआधी हे तपासून पाहिलं नव्हतं का?”

साहेब दुखावले. “अहो, वा! पूर्ण टेस्टिंग झालेलं आहे. पाच माणसं घालून पाहिली. पाचच्या पाच बरोबर.”

ती पाच माणसं मला पाहायला मिळाली. पहिला अबक. दुसरा कखग. तिसरा टेस्ट, चौथा टेस्ट टू, आणि पाचव्याचं नाव नुसतंच टेस्ट टेस्ट. हा बहुधा टेस्टचा मुलगा असावा.

मंडळी, या अबकची आणि माझी तेव्हापासून दुष्मनी आहे. काय त्याचा थाट! जन्म १ जानेवारी २०००. पत्ता, घर क्रमांक १२३. फोन नंबर, दहाच्या दहा नऊ. याला मधलं नाव नाही, याचं लग्न होत नाही, बदली होत नाही, हा घर बदलत नाही, चष्मा विसरत नाही, एकच अर्ज घाबरून दोनदा करत नाही. याच्या कागदावर कधी चहा सांडत नाही. याला जुळा भाऊ नाही, सारख्या नावाचा चुलतभाऊ नाही. हा मरतो तेव्हाही अगदी वेळेवर आणि एकटाच मरतो. अशा माणसासाठी यंत्र बनवलं आणि ते चाललं, यात नवल ते काय? त्याच्यासाठी तर हातगाडीसुद्धा चालेल. अडचण एवढीच, की तो साऱ्या भारतात कुठे राहत नाही, आणि जे राहतात त्यांच्यातला एकही त्याच्यासारखा नाही.

माझा पुतण्या हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करतो. त्याला मी झाडला. तो म्हणाला, “काका, याला हॅपी पाथ म्हणतात. सगळं सुरळीत झालं तर काय होईल, तेवढंच बघायचं. बाकीचं बघायला वेळ कुठे असतो? टेस्टिंगला पंधरा दिवस ठेवलेले असतात, त्यातले बारा आधीच्या कामाने खाल्लेले असतात. तारीख मात्र हलत नाही.”

हा सुखाचा मार्ग फक्त आमच्याकडेच आहे असं समजू नका. साहेबाच्या देशातही तोच हमरस्ता आहे. ४ जून १९९६ला युरोपचं नवं कोरं एरियन-५ रॉकेट उडालं, आणि सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा राखणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम जुन्या एरियन-४चा. नवं रॉकेट त्याच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आणि जोरात जाणार. त्या वेगाचा आकडा जुन्या प्रोग्रॅमच्या मापात मावेना. चौकशी समितीने काय सांगितलं? नव्या उड्डाणाचे आकडे खोटे खोटे घालून जमिनीवरच चालवून पाहिलं असतं, तर दोष उघड झाला असता. म्हणजे थोरल्याच्या मापाचा सदरा धाकट्याला न घालता शिवला, आणि तो भर मांडवात उसवला.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१३ला आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट उघडली. लाखो लोक दारात. पहिल्या दिवशी आत जाऊन विमा घेऊन बाहेर आले किती? ६. सहा! पुढे कंत्राटदारांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की सगळे भाग जोडून अथपासून इतिपर्यंत तपासणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत. म्हणजे आमच्या हिंजवडीच्या पंधरा दिवसांचं मूळ थेट वॉशिंग्टनात आहे.

यावर विद्वान लोक मला विचारतात, “मग काय, खोट्या माणसांवर तपासल्याने सगळ्या चुका सापडतात?” नाही सापडत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल २७ मार्च २००८ला उघडलं, त्याआधी हजारो स्वयंसेवक घेऊन तालमी केल्या होत्या. तरी सामानाचा बट्ट्याबोळ झाला आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक माझ्या फार आवडीचं आहे. तालमीतले खोटे संदेश खऱ्या व्यवस्थेत जाऊ नयेत म्हणून एक गाळणी बसवली होती. ती उद्‌घाटनाच्या दिवशी काढायची राहिली. त्यामुळे खरे संदेशच अडले! म्हणजे अबकला बोलवावं तसं त्याला निरोपही द्यावा. पाहुण्यांसाठी सरकवलेलं कपाट ते गेल्यावर जागच्या जागी न्यावं, नाहीतर घरच्यांचा अंगठा ठेचतो.

पण तालमीत सगळं सापडत नाही म्हणून तालीमच नको, हे म्हणजे पथ्य पाळूनही माणसं मरतात, तेव्हा आणा जिलबी, असं झालं.

दुसरे विद्वान म्हणतात, “खोटी कशाला, खऱ्याच लोकांची माहिती घालून तपासू.” वा! म्हणजे माझं नाव, माझा आजार, माझं खातं कंत्राटदाराच्या पोराच्या टेबलावर, आणि रात्री दोन वाजता मामांना चाचणीचा संदेश, की आपण वारलात. खोटी माणसं काढायची ती एवढ्याचसाठी, की त्यांना लाज नसते, भूक नसते आणि इन्शुलिन लागत नाही. त्यांना हवं तितक्या वेळा मारा.

तेव्हा माझं म्हणणं अगदी साधं आहे. खोटी माणसं करा, पण खऱ्यासारखी वाकडी करा. माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं असलेली बाई घाला. आडनावच नसलेला माणूस घाला. २९ फेब्रुवारीचा एक जन्म घाला. “मारुतीच्या देवळामागे, दुसरा बोळ” असा पत्ता घाला. तोच कागद दोनदा पाठवा. सही करणारे साहेब महिनाभर रजेवर धाडा आणि अर्ज कुठे लटकतो ते पाहा. मुख्य म्हणजे काय उत्तर यायला हवं ते आधी कागदावर लिहून ठेवा. नाहीतर यंत्र जे म्हणेल ते बरोबर, असंच होतं. आणि माणसाचा घास अडवण्याची वेळ आली आणि शंका असली, तर यंत्राने थांबून माणसाला विचारावं. आमच्या जुन्या कारकुनाला एवढी अक्कल होती. तो फाइल उघडून म्हणायचा, “हे मामा? काल तर भाजी घेताना दिसले.”

तानाजीने रायबाचं लग्न मागे ठेवून आधी कोंढाण्याचं लावलं. आमचं मागणं त्याहून हलकं आहे. आधी लगीन अबकचं, मग आमचं.

मामांची पेन्शन चौथ्या महिन्यात आली, थकबाकीसकट. ते आधी वाण्याकडे गेले. परवा पुतण्या घरी आला होता, तेव्हा मामांनी त्याच्या हातात शंभरपानी वही ठेवली. आत लाल रेघा मारून, वळणदार अक्षरात चाळीस खोट्या विद्यार्थ्यांचा पट. अठ्ठावीस जणांची जन्मतारीख १ जून.

“नोकरीभर मी पोरांना खोट्या जन्मतारखा देत आलो,” मामा म्हणाले. “पहिल्यांदा त्याचा कोणाला उपयोग होईल. तुझ्या यंत्राला आधी ही शाळा शिकव.”

पुतण्याने वही उघडली आणि थबकला. “मामाआजोबा, पहिलं नाव तुमचंच आहे.”

“असू दे,” मामा म्हणाले. “आधी एकदा मला खोटं मारून बघा म्हणावं. म्हणजे खरं मरेन तेव्हा तरी एकट्यालाच मरता येईल.”