दंड परवडतो, तिथेच घोळ आहे

इचलकरंजीत मी अनेक वर्षे कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांचे हिशेब लिहिले. रंगाचे सांडपाणी शुद्ध करायचे तर वीज, रसायने, गाळाची विल्हेवाट. हा खर्च रोजचा. दंड मात्र कधीतरी, तोही सापडलो तर. मालक दुष्ट नसतो, तो बेरीज करतो (आणि ती आम्हीच करून देतो). 2012 साली शहरात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसे दगावली. तो खर्च कुणाच्याच वहीत चढला नाही.

1977 च्या जल उपकर कायद्याने कारखाने आणि नगरपालिका पाण्यावर उपकर भरत. दर पैशांत, पण शुद्धीकरण करणाऱ्याला सूट होती. 2017 मध्ये जीएसटीबरोबर उपकर गेला. जल प्रदूषण प्रतिबंध कायद्यातील 2024 च्या दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला. मोठ्या युनिटला तो परवडतो, छोट्याला बुडवतो.

त्यापेक्षा किती लिटर सोडले, त्यात सीओडी (घाणीचे माप) किती, यावर दरमहा बिल लावा, विजेसारखे. घाण कमी, बिल कमी. पैसा शहराजवळच्या पंचगंगा नदीवरच खर्च व्हावा. सरकारने मीटर बसवावेत, आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि पहिले बिल शहराचे सांडपाणी सोडणाऱ्या महानगरपालिकेलाच पाठवावे.